मित्राचा संसार आणि आपली साक्ष

मशिदीत विचारला जाणारा एक प्रश्न असा आहे की, बाकीचे नमाजी निघून गेल्याशिवाय तो ओठांवर येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा स्वतःचा नसतो, मित्राचा असतो. मित्र पितो. खडवलीला रविवारी भातसेच्या काठी बाहेरगावची माणसे सहलीला येतात आणि त्यांतल्या काहींच्या पिशव्यांत काय असते हे गावाला ठाऊक आहे. पण हा मित्र सहलीपुरता पिणारा नव्हे, रोजचा. रात्री त्याला घरी पोहोचवणारा हाच, आणि भाभींनी दार उघडल्यावर मान खाली घालून परतणाराही हाच. आता भाभींनी सांगितले आहे की मार पडतो. मित्राने बजावले आहे की घरातली गोष्ट बाहेर गेली तर दोस्ती संपली. याने कोणाचे ऐकावे?

आपल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर असते: पर्दापोशी. जो आपल्या मुस्लिम भावाचा दोष झाकतो, त्याचा दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, ही हदीस आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मात्र ती हदीस सुरू कोठून होते, हे फारसे कोणी सांगत नाही. सहीह बुखारीत ती अन्यायासंबंधीच्या प्रकरणात आली आहे. तिच्या आरंभी सांगितले आहे की मुस्लिम हा मुस्लिमाचा भाऊ आहे. तो त्याच्यावर जुलूम करीत नाही आणि त्याला जुलमाच्या हवालीही करीत नाही. दोष झाकण्याची गोष्ट त्यानंतर, सर्वांत शेवटी येते. आणि लगेच पुढची हदीस आहे ती भावाला, तो जालीम असो वा मजलूम, मदत करण्याची. जालीमाला मदत कशी करायची असे सहाब्यांनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याचा हात धरण्यास सांगितले. मग आपण केवळ शेवटचे वाक्य उचलून भाभींना बंद दारामागे एकटे सोडतो, तेव्हा झाकतो ते नेमके काय? पिणे हा त्याचा गुन्हा त्याच्या आणि अल्लाहच्या मधला आहे. चार लोकांत त्याची चर्चा करू नये. पण उगारलेला हात तिच्या हक्कावर पडलेला आहे, आणि तो झाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

याचा अर्थ मित्राला टाकून द्यावे असाही नाही. प्रेषितांच्या (स.) काळी अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते, ते प्रेषितांना (स.) हसवीत असत. मद्यपानासाठी त्यांना शिक्षा झाली होती, तरी ते पुन्हा आणले गेले आणि पुन्हा शिक्षा झाली. जमलेल्यांपैकी एकाने त्यांना शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला अडवले, अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर या माणसाचे प्रेम आहे, असे सांगितले. शिक्षा टळली नाही, नातेही तुटले नाही. आपल्याकडे यांपैकी एकच काहीतरी घडते.

मराठी वाचकाला येथे राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ आठवेल. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, ते रंगभूमीवर आले. महाविद्यालयात या नाटकावर पुष्कळ बोलले जाते ते सिंधूच्या त्यागाविषयी आणि तळीरामाच्या विनोदाविषयी. मला त्यातले मित्र महत्त्वाचे वाटतात. सुधाकराला प्याला देणारा तळीराम आहे, तसा कळकळीने समजावणारा रामलालही आहे. तरी संसार बुडतोच, आणि सिंधू मरतानाही पतीवर आळ येऊ देत नाही. शंभर वर्षे प्रेक्षक त्या क्षणी डोळे पुसत आले. मला मात्र सूरह निसामधील ती आज्ञा आठवते, जी आप्तांच्या विरोधात जात असली तरी न्यायाची साक्ष द्यायला सांगते.

मग मित्राने करावे काय? हजरत सलमान (रजि.) आपले बंधू अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा यांचा अवतार पाहून त्यांनी कारण विचारले. पती दिवसा रोजे धरतात, रात्री नमाज पढतात, संसारात त्यांना रस उरला नाही, असे कळले. सलमान यांनी गल्लीत चर्चा केली नाही आणि मुकाट परतलेही नाहीत. ते त्या घरी राहिले, मित्राला आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले, आणि मग घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे हे तोंडावर सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे खरे ठरवले. तिथे पत्नीचा हक्क इबादतीपायी मागे पडला होता. दारूपायी पडत असेल तर बोलण्यात संकोच कसला? फक्त ते शुद्धीवर असलेल्या माणसाशी, सकाळी बोलावे. आणि भाभींकडे जाताना आपली आई किंवा पत्नी सोबत असावी. दुःख ऐकता ऐकता तिसराच गुंता होऊ नये.

याहून पुढचे काम मित्राचे नव्हे. कुरआनने (४:३५) लवाद नेमायला सांगितला तो पतीच्या घरातून एक आणि पत्नीच्या घरातून एक. मित्राने त्या दोघांना एकत्र बसवावे, स्वतः न्यायाधीश होऊ नये. समेटासाठी शब्द सौम्य करून सांगण्याची मुभा आहे. पण “तो आता पीत नाही” असे खोटेच सांगून मुलीला सासरी परत धाडणारे मध्यस्थ त्या मुभेचा गैरवापर करतात. दारू सुटायला उपचार लागतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे, आणि तिथे जाण्याने ईमान कमी होत नाही. मारहाण थांबत नसेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर खटला होत नाही. दोस्ती जाईल, हे खरे. काही वेळा ती जातेच.

आणि भाभींनी परत न जाण्याचे ठरवले तर? बरीरा (रजि.) गुलामीतून मुक्त झाल्या, तेव्हा पती मुगीस यांच्याकडे राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत. अश्रूंनी दाढी भिजत असे. प्रेषितांनी (स.) बरीरांकडे शब्द टाकला. ही आज्ञा आहे काय, असे त्यांनी विचारले. आज्ञा नाही, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळाले. मग मला त्यांची गरज नाही, असे बरीरा म्हणाल्या. आणि त्यांचा निर्णय तसाच राहिला.