लाल काढलास, हिरवा घातलास!

डाव्या हेडलाइटचा फ्यूज कुठला काढलास? लाल. घातलास कुठला? हिरवा. लाल १० अँपिअरचा, हिरवा ३०चा. माहीत नव्हतं म्हणू नकोस. आयटीआयला रंगांचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवणारा तूच होतास ना? अडाण्यानं केलं असतं तर समजावलं असतं. तू जाणूनबुजून केलंस.

‘सर, दोनदा नवा घातला, दोन्ही वेळा उडाला. गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं.’ मग तिसऱ्यांदा उडूच नये अशी सोय केलीस? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! अरे, फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरिंगला वाचवायला असतो. तिप्पट करंट म्हणजे त्याच वायरीत नऊपट उष्णता. हे गणित फळ्यावर कोणी सोडवलं होतं? आता शॉर्ट झाला की तुझा हिरवा फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल.

एका बाजूचा ५५ वॅटचा डिपर १२ व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. १०चा फ्यूज त्याला दुपटीनं पुरतो. तरी लागोपाठ दोन उडाले, म्हणजे खोट फ्यूजमध्ये की पुढे? ‘माल डुप्लिकेट असेल.’ ‘पाणी गेलं असेल.’ ‘उंदरानं कुरतडलं असेल.’ असेल, असेल! बघितलंस का? मालकानं उल्हासनगरहून १०० वॅटचे बल्ब आणून बसवलेत का, एवढं तरी विचारलंस?

टेस्ट लॅम्प खिशात शोभेला ठेवलायस? बल्बचा कपलर काढ. फ्यूजच्या दोन खाचांत लॅम्पची दोन टोकं लाव. लाइटचं बटण चालू कर. लॅम्प लख्ख पेटला की समज, वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. मग वायरिंग हातानं हलवत पुढे सरक. जिथं लॅम्प विझेल, तिथली टेप सोड. बॅटरीच्या ट्रेखाली बघ, हेडलाइटमागच्या पत्र्याच्या कडेला बघ. घासून सोललेली वायर अशाच ठिकाणी सापडते. एकही फ्यूज जाळावा लागत नाही. वेळ नव्हता म्हणतोस. दोन फ्यूज उडवून तिसरा धुंडाळायला बरा मिळाला!

आणि गाडी कोणाची? आनंदनगर एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट सुटल्यावर काटई-बदलापूर रस्त्यानं घरी जाणाऱ्या माणसाची. समोरून डंपर, मागे टँकर, आणि बॉनेटमधून धूर निघाला तर? डावा दिवा लागला, पैसे खिशात पडले, की संपली तुझी जबाबदारी?

तुझा हात चांगला आहे, म्हणून तर जास्त चीड येते. उद्या सकाळी फोन करून गाडी परत बोलाव. हिरवा काढ, वायर शोध, मगच लाल घाल. आणि त्याच्याकडे पुन्हा मजुरी मागितलीस, तर गाठ माझ्याशी आहे.