अशुद्ध पाखराचा घास

लेवीय ११:१६ मधील ‘शाहाफ’ हा हिब्रू शब्द भाषांतरकाराची परीक्षा पाहतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तो कोकीळ झाला, १८८५ मध्ये समुद्रावरचा कुरव. ब्रिटनच्या किनाऱ्यावर कुरवाला आजही अन्नचोर म्हणून हिणवतात. वास्तविक तेथील हेरिंग कुरव २००९ पासून घटत्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. त्याच्या पिवळ्या चोचीवर तांबडा ठिपका असतो. पिलू त्यावर टोचते, आणि आईबाप गिळलेले अन्न त्याच्यापुढे ओकतात. (आपल्याला किळस, पिलाला मेजवानी!) नियमशास्त्राची मनाई इस्राएलाच्या ताटापुरती होती. आदल्याच वचनात कावळाही अशुद्ध ठरला आहे. आणि लूक १२:२४ मध्ये, देव कोणाला खाऊ घालतो हे दाखवताना, प्रभू येशू नेमका त्या कावळ्याकडेच बोट करतो.