खुर्ची सोडायची की नाही?

भाची सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते आणि ओपीडी बघते. मी त्याच विषयातून निवृत्त. रविवारी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. ‘आठवड्यातले दोन दिवस ओपीडी सोड. संशोधन कर. तुझ्याकडचे प्रश्न वाया चाललेत.’

‘आणि त्या दोन दिवसांची रांग?’

‘बाकीचे बघतील.’

‘बाकीचे म्हणजे रेसिडेंट. रात्रभर जागलेला पोरगा. मामा, तू मला वेळ देत नाहीयेस. त्याच्याकडून आणि रांगेतल्या बाईकडून काढून घेतोयस.’

मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतलं. १९७६ मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावला की घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी भरून माणूस जायचा. बावस्कर रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून नोंदी करत. १९८२ मध्ये त्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. ‘नुसती रांग संपवत बसले असते, तर?’

‘त्यांनी रांग सोडली कुठे? ज्याला वाचवायचं, त्याचाच अभ्यास. दोन दिवस त्यांना कुणी दिले नव्हते. तुझं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि घातकही. एक बावस्कर दाखवले की सरकारला म्हणता येतं, बघा, काही न देताही होतं. काही न मिळाल्यामुळे ज्यांच्या हातून झालं नाही, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?’

मी अडखळलो. मला जे मागायचं होतं तेच ती मागत होती, पण माझ्याविरुद्ध.

‘बरं. तुझ्या जागी बसायला पगारी डॉक्टर दिला तर?’

‘त्याला शेजारच्या टेबलावर बसवीन. दीडशे पेशंट, दोघांत पंचाहत्तर. दोनाऐवजी चार मिनिटं. मी उठू कशाला?’

‘उद्याच्या रुग्णासाठी.’

‘उद्याचा रुग्ण खोकत नाही, मामा. समोरचा खोकतो.’

‘समोरचा दर महिन्याला येऊन खोकतो. का, ते तुला चार मिनिटांतही कळणार नाही.’

ती पहिल्यांदा गप्प राहिली. मी तेवढ्यात गडचिरोली पुढे केली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तुलनेच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या त्यांच्या लेखात ३९ गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झालेले दिसले.

‘मी ती ४७ मोजते,’ ती म्हणाली.

‘तुलना नसती, तर आज आशाताई बाळ बघायला घरोघर गेल्या नसत्या.’

‘पटतं मला. पण पटणं वेगळं आणि त्या ४७ पैकी एखाद्या गावातल्या आईसमोर उभं राहणं वेगळं.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिनं मात्र विषयच बदलला. ‘आणि आमच्याकडे संशोधन म्हणजे काय, सांगू? प्रमोशनला पेपर लागतात. थिसिसचे आकडे फिरवायचे, पैसे भरून छापायचे, आपापसांत नावं घालायची. दोन दिवस यासाठी?’

माझ्या यादीतही तसले दोन पेपर आहेत. ते मी तिला सांगितलं नाही.

निघताना तिनं पर्समधून डायरी काढली. मागच्या पानांवर नावं नव्हती, केसपेपरचे नंबर होते. ऊसतोडीहून परतलेले, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय चाळिशीच्या आत, तरी क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं बिघडत चाललेली. मी मोजले. तेवीस.

‘हे कधी लिहितेस?’

‘रांग संपली की. जे आठवतात तेवढेच.’

‘म्हणजे न आठवलेले असतील?’

तिनं डायरी मिटली. ‘उद्या रांगेत चोविसावा असेल. त्याला बघू की त्याचं लिहू?’

‘दोन्ही.’

‘दोन मिनिटांत?’