अभंगाचे उत्तर आणि श्रद्धा

बारावीच्या वर्गात अभंगाचे रसग्रहण शिकवू लागले की कोणीतरी विचारतेच, "मॅडम, माझा देवावर विश्वास नाही. मग मी काय लिहू?" विचारणारे मूल उद्धट नसते. परीक्षेत खोटे लिहावे लागेल, याचे त्याला वाईट वाटत असते.

गाइड त्याची सोय करून देते: संतांची थोरवी, समतेचा संदेश, भक्तीचा महिमा. हे उत्तर चोखोबांना लावा की तुकोबांना, काही बिघडत नाही. माझ्या लेखी खरी अश्रद्धा ती हीच. चोखोबा ज्या विठ्ठलाला आळवत होते, त्याच्या राउळात त्यांना प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यात वेशीची भिंत कोसळून ते गेले, असे परंपरा सांगते. त्यांच्या अभंगांत आर्जव आहे, तसा देवाला विचारलेला जाबही आहे. ‘थोर संत’ लिहून थांबणाऱ्या भाविक मुलाला तो ऐकूच येत नाही. न मानणाऱ्याला कधीकधी चटकन येतो.

श्रद्धा वेगळी असली तरी काव्य आपलेसे करता येते, याचे उदाहरण फादर स्टीफन्स. ते इंग्रज जेझुइट. विठ्ठल त्यांचा देव नव्हता. तरी गोव्यात त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले. 1616 साली ते छापले गेले. ओवी त्यांच्या कानात किती मुरली असेल!

आपल्या साहित्यशास्त्राकडेही उत्तर आहे. भट्टनायकाने साधारणीकरण मांडले: नाटकातला शोक अनुभवायला प्रेक्षकाच्या घरी कोणी गेलेले असावे लागत नाही. मुलांना हे लगेच पटते. मला मात्र अर्धेच पटते. चोखोबांनी कोणाला रसास्वाद मिळावा म्हणून अभंग रचले नाहीत. त्यांना उत्तर हवे होते, आणि तेही देवाकडून. नुसता आस्वाद घेऊन उठणे मला अपुरे वाटते.

म्हणून मी मुलांना सांगते: आधी अभंग बोलतो कोणाशी, ते बघा. देवाला एकेरी हाक कुठे आहे, विनवणीची तक्रार कोणत्या शब्दापाशी होते, ते दाखवा. मग कवीबरोबर तुम्हाला जिथवर जाता आले तिथवर लिहा. पुढे पाय अडला, तर तो कोणत्या ओळीशी आणि का अडला, तेही लिहा. असे उत्तर माझ्याकडे तपासायला आले, तर मी त्याचे गुण कापत नाही.