विचारपूस

उर्से म्हटलं की लोकांना गाव आठवत नाही, टोलनाका आठवतो. काच खाली करायची, पैसे द्यायचे, पावती घ्यायची, आडवा दांडा वर गेला की सुटायचं. फास्टॅग आल्यापासून तर काचसुद्धा खाली करावी लागत नाही. आपण एकमेकांना ‘काय, कसं काय?’ विचारतो, ते याच पद्धतीनं. समोरच्यानं ‘मजेत’ अशी पावती फाडायची आणि दांडा वर! एखाद्यानं खरोखरच ‘बरं नाही हो’ म्हटलं, तर मागची सगळी रांग खोळंबते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृहं रिकामी झाली आणि पुण्यात शेवटच्या वर्षाला असलेला माझा पुतण्या बाडबिस्तरा घेऊन गावी आला. परीक्षा घ्यायची की नाही, यावर पाच महिने खल चालला. राज्य सरकार म्हणे नको, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे हवीच. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, परीक्षेशिवाय पदवी नाही. तोवर पोरगं पुस्तक उघडून आढ्याकडे बघायला शिकलं होतं. जेवण निम्म्यावर आलं, झोप पहाटेवर गेली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दादा म्हणाले, “आम्ही कंदिलावर अभ्यास केला!” कंदिलाचा आणि करोनाचा संबंध मला अजून कळलेला नाही. शेजारचे प्राध्यापक म्हणाले, “काळजी करू नकोस.” हे प्राध्यापक रोज सकाळी साठ काळ्या चौकोनांना अर्थशास्त्र शिकवत आणि “ऐकू येतंय का?” याला उत्तर आलं नाही की मांजराला विचारत. पण त्यांची विचारपूस कुणी केली नाही. मास्तरांनाही मन असतं, हे अभ्यासक्रमात नाही ना!

‘काळजी करू नकोस’ हे आपण नक्की कुणासाठी म्हणतो? मला वाटतं, स्वतःसाठीच. दुसऱ्याचं दुःख ऐकवत नाही, म्हणून त्याच्या तोंडावर ठेवलेलं ते झाकण असतं. पाय मोडला तर आपण हाडाचा डॉक्टर गाठतो. मन मोडलं तर म्हणतो, ‘मनावर घेऊ नकोस!’ मग घ्यायचं तरी कशावर?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. उत्तम झालं. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा फोनही २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. पण खचलेला माणूस त्या दारापर्यंत एकटा क्वचितच जातो. कुणीतरी सोबत लागतं.

आमच्याकडे ती सोबत वहिनींनी केली. रोज संध्याकाळी तांदळाचं ताट घेऊन त्या पोराशेजारी निवडत बसायच्या. सल्ला नाही, चौकशी नाही. आठव्या दिवशी तोच बोलू लागला. तांदूळ निवडून संपले, तरी वहिनी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, “डॉक्टरांशी बोलतो.”

वेळ नसेल तर खुशाल नमस्कार करून पुढं जावं, त्यात पाप नाही. पण ‘कसा आहेस?’ असं विचारलंच, तर मग गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावं.