कुंडीतला वड आणि आपला अधिकार

मराठीत 'बोन्साय' हा शब्द झाडापेक्षा टोमणा म्हणून जास्त भेटतो. शाळेने मुलांचं बोन्साय केलं, संसाराने तिचं बोन्साय झालं, मुंबईच्या वन बीएचकेने आपल्या सगळ्यांचं झालं. कवितेत, अग्रलेखात, निरोपसमारंभाच्या भाषणात हे रूपक कुठेही चालतं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की कुणीतरी कुणाची तरी वाढ खुंटवली आहे आणि ते वाईट आहे. बिचाऱ्या झाडाचा खटला मात्र कधी उभाच राहिलेला नाही. निकाल आधीच लागला आहे.

मुलुंडच्या आमच्या घराच्या खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये माझी चार बोन्साय आहेत: एक वड, एक पिंपळ, एक नांद्रुक आणि एक जेड. घरी येणारे लोक दोन प्रकारचे. एक म्हणतात, "किती गोड!" दुसरे म्हणतात, "कसं करवतं तुला?" पहिल्यांशी बोलण्यासारखं फार नसतं. दुसऱ्यांचा प्रश्न मला खरा वाटतो आणि "अहो, झाडाला काही दुखत नाही" एवढ्या उत्तराने तो मिटत नाही. या लेखात तो प्रश्न जरा नीट मांडून बघायचा आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बोन्साय उपाशी ठेवून लहान होत नाही. उपाशी झाड लहान राहत नाही, मरतं. वर्ष-दोन वर्षांतून एकदा, मुंबईत साधारण पावसाच्या तोंडावर, झाड थाळीतून काढून मुळांचा काही भाग छाटतात. जाड मुळं गेली की बारीक तंतुमुळं फुटतात, आणि पाणी-क्षार शोषण्याचं काम तीच करतात. मिश्रणात विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं शेणखत. पाणी थांबता कामा नये. वरून शेंडे खुडतात, म्हणजे वाढीचा जोर बाजूच्या डोळ्यांकडे वळतो. फांदीला ॲल्युमिनियमची तार गुंडाळून हळूहळू वळण देतात. वडाच्या कुळातली झाडं पावसाळ्यात इतकी झपाट्याने जाड होतात की तार काही आठवड्यांतच सालीत रुतायला लागते. त्याआधी ती कापून काढावी लागते. पानं लहान होत जातात, फळं मात्र होत नाहीत. थाळीतल्या उंबराला लागणारं उंबर रस्त्यावरच्या उंबराएवढंच असतं. झाडाचं सगळंच आपण ठरवू शकत नाही, याची ती एक छोटी खूण आहे.

झाड येतं कुठून, हाही प्रश्न नैतिकच आहे. सर्वांत सोपी वाट नर्सरीची. घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांत एस आकाराच्या खोडाची तयार फायकस मिळतात. दुसरी वाट छाटकलमाची. तिसरी वाट खास आपल्या शहराची: भिंतीतली झाडं. जपानीत डोंगरकपारीतून उपटून आणलेल्या रानझाडाला 'यामादोरी' म्हणतात. आमच्याकडे डोंगरकपारीचं काम जुन्या इमारतींचे सज्जे आणि ड्रेनेजचे पाइप करतात. कावळे, बुलबुल, वटवाघळं वडा-पिंपळाची फळं खातात, विष्ठेतून बी प्लॅस्टरच्या भेगेत पडतं आणि तिसऱ्या मजल्यावर पिंपळ उगवतो. पावसाळ्यानंतर सोसायटी माणूस लावते. तो पहार घालतो, किंवा बुंध्यात ॲसिड ओततो. माझा पिंपळ असाच आलेला आहे. पाइपाच्या सांध्यातून काढला तेव्हा वर वीतभर होता आणि खाली हातभर मूळ होतं.

इथे माझ्यासारख्यांचा आवडता युक्तिवाद सुरू होतो: "नाहीतर मेलंच असतं." ॲसिडपेक्षा थाळी बरी, यात शंका नाही. पण कोडिंग करणाऱ्या माणसाला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. कुठलीही सुधारणा सुधारणा दिसते की नाही, हे तुम्ही तुलनेला काय घेता त्यावर ठरतं. मरणाशी तुलना केली तर काहीही चांगलंच दिसतं. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्याला त्याला जन्मभर नोकर म्हणून ठेवायचा हक्क मिळत नाही. वाचवण्याने फार तर एक जबाबदारी अंगावर येते. मालकी येत नाही. शिवाय नर्सरीतल्या फायकसला हा युक्तिवाद लागूच पडत नाही. ते कुणी वाचवलेलं नाही, विकण्यासाठीच वाढवलेलं आहे.

मग दुखण्याचं काय? जगदीशचंद्र बोसांनी वनस्पतींचे सूक्ष्म प्रतिसाद यंत्रांवर नोंदवून दाखवले; झाडं जखमेला विद्युत आणि रासायनिक संकेतांनी प्रतिसाद देतात, यावर आज वाद नाही. पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. वेदना जाणवायला जे मज्जातंतूंचं जाळं आणि मेंदू लागतो, तो झाडाला नाही. तेव्हा वेदनेच्या निकषावर मी सुटतो. अडचण अशी की तो निकष फार अरुंद आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ पॉल टेलर यांनी १९८६च्या 'रिस्पेक्ट फॉर नेचर' या पुस्तकात म्हटलं की, प्रत्येक सजीवाला स्वतःचं असं एक भलं असतं, त्याला त्याची जाणीव असो वा नसो. वडाला सुख कळत नसेल, पण वडासाठी चांगलं काय आणि वाईट काय हे सांगता येतं. ऊन चांगलं, तुंबलेलं पाणी वाईट. मग पारंब्या जमिनीत उतरवून एकरभर पसरणं हेच त्याचं भलं, आणि मी ते हिरावून घेतो, असं झालं ना?

इथे वडाची कुंडली जरा बघावी लागते. वड-पिंपळ-नांद्रुक यांचं आयुष्य रानात अनेकदा दुसऱ्या झाडाच्या खोबणीत, चिमूटभर कुजक्या पाल्यात सुरू होतं. मूठभर मातीत तग धरणं, मुळं हवेत लोंबू देणं, तोडलं तरी फुटणं हा त्यांचा स्वभावच आहे, आणि म्हणूनच ती मुंबईच्या भिंतीत जगतात, थाळीतही जगतात. थाळी त्यांना पूर्ण परकी नाही. पण रानातल्या झाडासाठी खोबण ही सुरुवात असते. मूळ एकदा जमिनीला लागलं की ते झाड मोकळं होतं. माझ्या थाळीत ती सुरुवातच कायमची होते. म्हणजे आरोपाचं टोक थोडं सरकलं, पण आरोप उरलाच.

बोन्सायविरुद्धचं सर्वांत धारदार लेखन माझ्या माहितीत चीनमधलं आहे, जिथून ही कला जपानला गेली. गोंग झिझेन या कवी-विचारवंताने १८३९ साली आजारी प्लम-वृक्षांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं: रसिकांना वाकडं झाड सुंदर वाटतं, सरळ वाटत नाही, विरळ फांद्या आवडतात, दाट आवडत नाहीत. ही आवड बाजारात पोचते आणि विक्रेते सरळ झाडं कापतात, दाट फांद्या छाटतात, कोवळे कोंब मारतात. गोंगने तीनशे कुंड्या विकत घेतल्या. एकही झाड धड नव्हतं. तो तीन दिवस रडला, मग कुंड्या फोडल्या, दोऱ्या सोडल्या, झाडं जमिनीत लावली आणि पाच वर्षांत ती बरी करण्याचा पण केला. निबंधाचा खरा रोख चिंग राजवटीत माणसांच्या बुद्धीला दिल्या जाणाऱ्या वळणावर होता. म्हणजे आपलं रूपक दोनशे वर्षं जुनं आहे.

गोंगचा आक्षेप वेदनेचा नाही, आवडीचा आहे. दुसऱ्याच्या देहावर आपली आवड कोरण्याचा आपल्याला काय अधिकार, हे तो विचारतो. मला तो बराचसा पटतो. पण निबंधाच्या शेवटी तो जी इच्छा करतो, तिथे मुंबईकर थबकतो: आपल्याला आणखी मोकळा वेळ आणि मोकळी जमीन मिळो! माझ्याकडे दोन्ही नाही. पिंपळ जमिनीत लावायचा तर कुठे? इमारतीच्या पायाजवळ कुणी लावू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. बरं, जमिनीत लावलेलं झाड सुरक्षित असतं असंही नाही. झाडं तोडायला परवानगी लागावी म्हणून महाराष्ट्रात १९७५पासून कायदा आहे. आमच्या उपनगरातच, आरेमध्ये, ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती.

आरेची झाडं पडली म्हणून माझी तार निर्दोष ठरते, असं मला म्हणायचं नाही. मला आपल्या नैतिक नजरेचं आश्चर्य वाटतं. दर वटपौर्णिमेला मुलुंड स्टेशनबाहेर वडाच्या फांद्या विकायला येतात. दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात असतात. त्यावर पर्यावरणाची तक्रार होते, पण "कसं करवतं?" असं फांदी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी माझा वड पूजेला मागितला. "फांदी आणायची नाही म्हणते सून, तुझा द्यायचास का रे?" मी दिला. परत देताना त्या म्हणाल्या, "सूत गुंडाळताना तुझी तारच मधे येत होती. बिचाऱ्याला किती आवळलंयस!" हाताने सूत गुंडाळणाऱ्या माणसाला तार खटकली, याचं मला हसू आलं, पण त्यांचं चुकलं असं वाटलं नाही. तोडणं एकदाच होतं आणि नजरेआड होतं. आवळणं रोज डोळ्यांसमोर असतं. आपल्याला मरणापेक्षा सत्ता जास्त टोचते, जर ती प्रेमाच्या नावाने चालवलेली दिसली तर.

यि-फू तुआन या भूगोलतज्ज्ञाचं १९८४चं 'डॉमिनन्स अँड अफेक्शन' हे पुस्तक याच जागेवर बोट ठेवतं. पाळीव प्राणी, कारंजी, छोट्या बागा यांच्याबद्दल लिहिताना तो म्हणतो की सत्तेत प्रेम मिसळलं म्हणून सत्ता नाहीशी होत नाही. त्यातून पाळीव वस्तू तयार होते. बोन्सायवाल्याला हे झोंबतं, कारण 'मी त्याची काळजी घेतो' हा त्याचा शेवटचा बचाव असतो. आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचं खरं रूप सापडतं.

एप्रिल-मेमध्ये उथळ थाळीला सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. दोन दिवस कुणी घरी नसेल तर सात वर्षांचं झाड जाऊ शकतं. भिंतीतला पिंपळ ॲसिड पडेपर्यंत कुणाचाही मिंधा नव्हता. माझा पिंपळ माझ्या मगभर पाण्याचा मिंधा आहे, आणि ही स्थिती मी निर्माण केली आहे. बोन्सायमधली खरी गंभीर गोष्ट त्याचं लहानपण नव्हे. लहान असण्यात काही अपमान नाही, गवतही लहानच असतं. गंभीर आहे ते परावलंबन. एखाद्या जिवाला आपल्यावाचून जगता येणार नाही असं करणं.

रूपकही मग जागेवर येतं. मुलांचं 'बोन्साय' केलं असं आपण म्हणतो तेव्हा मूल लहान राहिलं हे दुःख नसतं. त्याला कायम आपली गरज पडेल अशी व्यवस्था कुणी केली, हे असतं. आईवडिलांच्या वळण लावण्याला एक मुदत असते: एक दिवस मूल उलट विचारतं, निघून जातं, आणि वळण लावणं योग्य होतं की नाही याचा न्याय करतं. झाड तो न्याय कधीच करणार नाही. म्हणून माणसांच्या बाबतीत जे अक्षम्य, ते झाडाच्या बाबतीत क्षम्य असलंच, तर एका अटीवर: निर्माण केलेलं परावलंबन आपण शेवटपर्यंत निभावलं पाहिजे, आणि शेवट म्हणजे आपला नव्हे, झाडाचा.

हे अशक्य नाही, याचा पुरावा वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये आहे. तिथला एक जपानी पांढरा पाइन १६२५पासून कुंडीत आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला तेव्हा तो स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होता आणि बागेच्या भिंतीआड वाचला. १९७६ साली मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला, ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला. त्याची ही हकिकत तिथल्या लोकांना कळली २००१मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. चारशे वर्षं कुणी ना कुणी रोज पाणी घातलं आहे. त्यातल्या कुणाला 'मालक' म्हणणं विचित्र वाटतं. ते पाळीवर आले होते, पाळी संपली, पुढचा आला.

आता माझ्यापुरतं. आमच्या कंपनीत दोन वर्षांसाठी परदेशी जायची विचारणा झाली आहे, आणि होकार देण्याआधी मला चार झाडांचा हिशोब करावा लागतो आहे. मित्र हसतात. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. हिशोब करावा लागणं हाच वर सांगितलेल्या अटीचा अर्थ आहे. नांद्रुक आणि जेड बोरिवलीच्या एका मित्राकडे जातील. त्याची गच्ची आहे आणि तार कधी काढायची हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. वड शेजारच्या काकूंनी मागितला. "तार लावणार नाही हं," असं त्यांनी आधीच बजावलं आहे. म्हणजे दोन वर्षांत त्याचा आकार मोडेल, फांद्या मन मानेल तशा जातील. मी होकार दिला. पाणी घालणाऱ्याचा शब्द आकार देणाऱ्यापेक्षा वरचा असला पाहिजे.

पिंपळ उरतो. शहापूरला मामाची थोडी जमीन आहे. बांधावर, विहिरीपासून लांब, एक जागा त्याने दाखवली आहे. पाऊस सुरू झाला की तिथे तो लावावा असं एक मन म्हणतं. पाच वर्षांचं काम, वळवलेलं खोड, एवढी सुरेख पसरलेली मुळं मातीत कशी घालायची असं दुसरं. हे दुसरं मन गोंगला ज्यांनी रडवलं त्या रसिकांचं आहे, हे मला कळतं. कळूनही ते गप्प बसत नाही. जूनपर्यंत वेळ आहे.