फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब

पुस्तक जपावे म्हणजे नेमके काय करावे? धुळ्याला या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधीत. दप्तर कोणाच्या दृष्टीस पडू न देता वाळवीच्या स्वाधीन करणारी घराणी त्यांना ठिकठिकाणी भेटली. १९२६ साली ते वारले; १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह सांभाळला. एकुलता एक कागद फाटला की तो कायमचा गेला. तेथे पहारा हवाच.

जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ सालचे. त्याचा धर्म वेगळा. तेथले पुस्तक घरोघर जाण्यासाठीच असते. मूल ते घरी आणते, दिव्याखाली मोठ्याने वाचते; अक्षरओळख नसलेली आजीही कामाचा हात थांबवून ऐकते. एका वर्गणीत सारे घर वाचते.

पण पान फाटले की दंड! बेफिकिरीला धाक हवा, हे शिक्षक म्हणून मीही मानतो. मात्र हातावर पोट असलेली आई त्याच धाकाने म्हणते, "भाऊ, ते पुस्तक घरी आणू नको रे." मग पुस्तक शाबूत राहते आणि मूल उपाशी.

मला वाटते, अशा मुलाकडून पैसे घेऊ नयेत. खळ देऊन ते पान त्याच्याकडूनच चिकटवून घ्यावे. तो जपणूक शिकेल आणि त्याचे वाचनही तुटणार नाही. वर्षअखेरच्या मोजदादीत कोरे करकरीत राहिलेले बालपुस्तकच नुकसानीच्या बाजूस मांडावे.